तेल बदलले, पण पळी तीच!

महिन्याच्या किराणा सामानाची यादी करताना गृहिणीचा हात नेमका तेलापाशी अडखळतो. सासूबाईंना शेंगदाण्याच्या तेलाशिवाय भाजीला चव लागत नाही. शेजारीण सूर्यफुलाच्या तेलाची शिफारस करते. मुलगा मोबाईलवर वाचून ‘घाण्याचेच आणा’ म्हणतो. अशातच घरातल्या कर्त्या पुरुषाचे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले, की जुना डबा त्याच दिवशी हद्दपार होतो आणि हृदयाचे चित्र असलेली महागडी पिशवी घरात येते. रविवारच्या पुऱ्या मात्र पूर्वीइतक्याच तळल्या जातात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केल्यावर आकडा जागचा हललेला नसतो, आणि दोष जातो नव्या तेलाला!

तेलात असते काय?

तेल महाग असो वा स्वस्त, त्याच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ उष्मांक मिळतात. त्या बाबतीत ‘हलके’ तेल असे काही नसते. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दालाही भुलू नये. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात ते नसतेच म्हटले तरी चालेल.

फरक असतो तो मेदाम्लांचा. ती तीन प्रकारची असतात: संपृक्त, एकअसंपृक्त आणि बहुअसंपृक्त. पाकिटावर ‘सॅच्युरेटेड’, ‘मुफा’ आणि ‘पुफा’ असे लिहिलेले असते ते हेच. संपृक्त मेदाम्ले जास्त खाल्ल्यास रक्तातले घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते. त्यांच्या जागी असंपृक्त घेतल्यास ते कमी होते. बहुअसंपृक्तांपैकी ओमेगा ६ आणि ओमेगा ३ ही दोन्ही शरीराला हवी असतात. त्यांची मूळ मेदाम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती आहारातूनच मिळवावी लागतात.

कोणाचे पारडे जड?

शेंगदाण्याच्या तेलात जवळजवळ निम्मी मेदाम्ले एकअसंपृक्त असतात. ते तळणीलाही चांगले. नेहमीच्या करडई आणि सूर्यफूल तेलात ओमेगा ६ भरपूर असते, पण ओमेगा ३ जवळपास नसते. शिवाय वारंवार तापवल्यास ही तेले लवकर बिघडतात. उत्तर भारतात आणि बंगालमध्ये रोज वापरले जाणारे मोहरीचे तेल आणि सोयाबीनचे तेल ओमेगा ३ची उणीव भरून काढतात. मात्र मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल बरेच असते, म्हणून वर्षभर केवळ तेच वापरू नये. तीळ आणि भाताच्या कोंड्याचे तेल बरेच समतोल मानले जाते. ऑलिव्ह तेल उत्तमच, पण त्याच्यावाचून घराचे अडत नाही.

खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात, तर पाम तेलात जवळजवळ निम्मी. तुपातही संपृक्तांचाच वाटा मोठा. वरणभातावरच्या चमचाभर तुपाने बिघडत नाही, पण ते तेलाच्या हिशेबात धरायला हवे. वनस्पती तुपातली ट्रान्स मेदाम्ले तर हृदयाची वैरीच. २०२२पासून तेले आणि वनस्पती तुपात त्यांना २ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा घालण्यात आली आहे.

थोडक्यात, सर्वगुणसंपन्न असे एकच तेल नाही. म्हणूनच आहारतज्ज्ञ तेले आलटून पालटून वापरायला सांगतात. या महिन्यात शेंगदाणा, तर पुढच्या महिन्यात सोयाबीन किंवा मोहरी. विदर्भातल्या घरांत होणारी जवसाची चटणीही ओमेगा ३ देते.

घाण्याचे की रिफाइंड?

शुद्धीकरणात तेलाचा वास, रंग आणि मुक्त मेदाम्ले काढली जातात. त्यामुळे ते टिकते, अधिक उष्णता सोसते. पण ई जीवनसत्त्वासारखे काही उपयुक्त घटक कमी होतात. घाण्याच्या तेलात ते अधिक राहतात. उष्मांक मात्र दोन्हींत सारखेच. घाण्याचे तेल खात्रीच्या ठिकाणचेच घ्यावे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली आणि सुमारे ६० जणांचा बळी गेला.

कढईत उरलेले तेल

सणावाराला तळणीचे तेल उरते आणि ते टाकून द्यायला जीव होत नाही. पण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले, की त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीत संपवावे. ताज्या तेलात ते मिसळू नये. काळपट, चिकट, फेसाळणारे किंवा उग्र वासाचे तेल खुशाल टाकून द्यावे.

हिशेब पळीचा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला २० आणि पुरुषाला २५ ग्रॅम तेल-तूप पुरेसे मानले आहे. म्हणजे चहाचे चार ते पाच चमचे. घरात दोन पुरुष आणि दोन स्त्रिया असतील, तर महिन्याला सुमारे २.७ किलो, म्हणजे जेमतेम ३ लिटर. त्यात तूप आणि लोणीही आले. दाण्याचे कूट वेगळेच, कारण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते!

यासाठी एक सोपा उपाय आहे. महिन्याचे तेल पहिल्या तारखेला एका बरणीत मोजून ओतावे आणि फोडणीला पळीऐवजी चमचा घ्यावा. पंधरा तारखेला बरणी निम्म्याखाली गेलेली दिसली, तर पुढच्या रविवारी पुऱ्यांऐवजी फुलके करावेत. पुऱ्या सणाला आहेतच की! कर्त्या पुरुषाची पुढची तपासणी होईल, तेव्हा महागड्या पिशवीपेक्षा या चमच्याचाच उपयोग अधिक झालेला असेल. डॉक्टरांची औषधे मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.