पोर ठाण्यात, समिती कागदावर

नालासोपाऱ्याच्या चाळीतून रात्री एखाद्या पोराला पोलीस घेऊन गेले, की आई ओळखीचा पुढारी शोधत धावते. आम्ही म्हणतो, माऊली, आधी पोराचा शाळेतला जन्मतारखेचा दाखला शोध. वय अठराच्या आत असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. तिथे दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांत एक तरी स्त्री असते. शाळेचा दाखला नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला चालतो. तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. (आपल्याकडे पावसाळ्यात घरात पाणी शिरते आणि पहिले भिजतात ते कागदच!)

पण ही धावपळ पोर अडकल्यावरची. त्याआधी कोणी बघायचे? २००९ साली वसई-विरार महापालिका झाली. त्याच वर्षी केंद्राची बाल संरक्षण योजना आली. प्रत्येक प्रभागात नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली समिती असावी आणि तिने मुलांच्या कामांवर देखरेख ठेवावी, असे तिच्यात लिहिले होते. पुढे २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पाच वर्षे निवडणूकच झाली नाही. मग अध्यक्ष कोण?

नळासाठी, गटारासाठी आपण मोर्चे काढले. या समितीचे नाव एकाही मोर्चात ऐकल्याचे आम्हांला आठवत नाही. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हा विषय घ्या. समितीत कोण आहे, बैठक कधी झाली, एवढेच विचारणारा अर्ज प्रभाग कार्यालयात द्या, आणि पोचेवर शिक्का मारून घ्या.