डब्यातले हळीव

आमच्या दिमोनाच्या एका शेजारणीला पहिला मुलगा झाला, तेव्हा तिची आई जाऊन २० दिवस झाले होते. शिवा उठली होती, ३० दिवसांचे शलोशिम चालू होते. पहिलं बाळंतपण आईच्या हातचं, हे आपल्याकडे ठरलेलंच. आईने हळीव, डिंक आणून ठेवले होते, जुन्या साड्यांची दुपटीही शिवली होती.

दुखवट्यात ब्रित-मिला कशी करायची? रब्बींनी सांगितलं, मूल निरोगी असेल तर ८वा दिवस दुःखासाठी टळत नाही. मालिदाही झाला. गोड पोहे, खोबरं, फळं. एलियाहू हन्नाबीचं नाव घेताना पोरगी हुंदके देत होती.

इथेच आम्हा बायकांची चूक झाली. "रडू नकोस गं, दूध आटेल," असं आम्ही चौघींनी तिला बजावलं. ती गप्प झाली. बाळाला पाजताना भिंतीकडे बघत बसायची. शेवटी तिपात हालावच्या नर्सने विचारलं, "तुझी आई कशी होती?" तासभर बोलली म्हणे, रडलीही. दूध काही आटलं नाही.

परवा आम्ही आईचा तो डबा उघडून लाडू वळले. एक खाऊन ती म्हणाली, "आई गूळ जास्त घालायची."

दुसऱ्या खेपेला आम्ही गूळ वाढवला.