पातळ, पण एकजात

पुणे-नगर रस्त्यावरचं सणसवाडी हे शिरूर तालुक्यातलं गाव. हिंदुस्तान लिव्हर आणि अमेरिकेची किंबर्ली-क्लार्क यांनी 1994 साली भागीदारीत काढलेल्या कंपनीचा कारखाना इथे आहे. ‘हगीज’ डायपर आणि ‘कोटेक्स’ पॅड ही तिची उत्पादनं. अशा मालाभोवतीची छापील पिशवी घरात आल्याआल्या फाडली जाते आणि कचऱ्यात जाते. तिच्या जाडीतला एकेक मायक्रॉन कमी करायला मात्र मोठं कसब लागतं.

या पिशवीची फिल्म बनवणारं यंत्र दोन-तीन मजले उंच असतं. हॉपरमध्ये पॉलिथिनचा दाणा पडतो, गरम नळीतला स्क्रू तो वितळवत पुढे ढकलतो आणि गोल डायच्या फटीतून प्लास्टिकची नळी वर येते. तिच्यात हवा भरून फुगा करतात, बाहेरून एअर रिंगची हवा त्याला थंड करते आणि वरचे रोलर त्याला चपटा करून रोलवर पाठवतात. ऑपरेटरची नजर सतत गेजवर असते. फुगा किंचित हलला, तरी फिल्म एकीकडे जाड, दुसरीकडे विरळ होते.

पातळ करायचं म्हणजे नुसती ओढायची, असं चालत नाही. डायपर दाबून भरलेले असतात, त्यामुळे पिशवीवर आतून कायम ताण असतो. सील उघडता कामा नये. पॅकिंग मशीनवर फिल्म ताणली गेली, तर छपाईही जागेवरून सरकते. म्हणून तीन किंवा अधिक थर एकाच डायमधून एकत्र काढतात. बाहेरच्या थराला ताठपणासाठी जास्त घनतेचं पॉलिथिन, मधल्या थराला चिवटपणासाठी मेटॅलोसीन उत्प्रेरकावर बनलेलं पॉलिथिन आणि आत कमी तापमानाला चिकटणारा थर. 60 मायक्रॉनच्या एक चौरस मीटर फिल्मचं वजन साधारण 55 ग्रॅम भरतं, 45 मायक्रॉनचं 41. मजबुती राखून एवढं साधलं, तर प्रत्येक पिशवीमागे पाव हिस्सा प्लास्टिक वाचतं.

पुनर्वापराची खरी अडचण जाडीत नाही, मिसळीत आहे. चकचकीत छपाईसाठी पॉलिथिनवर पॉलिस्टरचा पापुद्रा चिकटवतात. पॉलिथिन 110 ते 130 अंशांना वितळतं, पॉलिस्टर 250च्या पुढे. दोन्ही एकत्र वितळवून चांगला दाणा मिळत नाही. यावर उपाय म्हणजे पॉलिथिनचीच फिल्म गरम रोलरांवर लांबीच्या दिशेने ओढून ताठ करायची आणि पॉलिस्टरच्या जागी वापरायची. मग सगळी पिशवी एकाच जातीची होते.

कायदाही त्याच दिशेने ढकलतो आहे. केंद्राच्या फेब्रुवारी 2022 च्या नियमांनी लवचीक प्लास्टिक वेष्टनात 2025-26 पासून 10 टक्के आणि 2027-28 पासून 20 टक्के पुनर्वापरित प्लास्टिकचं लक्ष्य ठरवलं. पण जाडीच्या बाबतीत हातपिशव्यांसाठी केंद्राचेच नियम उलट सांगतात: 2022 च्या अखेरीपासून किमान 120 मायक्रॉन. जाड पिशवी पुन्हा वापरली जाते आणि कचरा वेचणारीला तिचं वजन मिळतं. फिल्म जितकी पातळ, तितक्या जास्त पिशव्या वेचल्यावर एक किलो भरतो. यंत्रावर वाचलेल्या ग्रॅमचा भार असा वेचणारीच्या कमरेवर येतो. पातळ फिल्म विकणाऱ्या कंपन्यांनी तिच्या संकलनाचे पैसे मोजलेच पाहिजेत.

ते झालं नाही, तर पुढची वाट ठरलेली आहे. शिरूरची घोड नदी भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात जाते. ओढ्यात फेकलेली फिल्म पुरात याच वाटेने जाते. 45 मायक्रॉनची असली म्हणून ती मातीत लवकर विरत नाही.

उरलेलं काम आपल्या घरात आहे. वापरलेला डायपर किंवा पॅड त्याच पिशवीत कोंबला, की चांगली फिल्म कायमची वाया जाते. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने रुजवलेली सवय साधी आहे: वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या. कोरडी, रिकामी पिशवी सुक्या कचऱ्यात टाका. एकजात फिल्म बनवणाऱ्यांची मेहनत फळाला यायची असेल, तर एवढं आजपासून करा.