कॉलेजच्या प्रशिक्षकांची नजर आणि फुटबॉल स्पर्धांची निवड

२०२३ सालच्या दिवाळीत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. दिवाळीच्या शुभेच्छा झाल्या, फराळाची चौकशी झाली आणि मग तिने मनातली गोष्ट सांगितली. "दादा, तू बँकेतला माणूस. जरा आमचा हिशेब बघ आणि सांग, आमचं चुकतंय कुठे?"

आमची भाची तेव्हा दहावीत होती. लहानपणापासून फुटबॉल खेळते. तिकडे या खेळाला सॉकर म्हणतात. चांगले खेळणाऱ्या मुलामुलींना कॉलेजात प्रवेश मिळतो, काहींना शिष्यवृत्तीही मिळते, हे ऐकून बहीण व मेहुण्यांनी एका वर्षात तिला सात मोठ्या स्पर्धांना नेले. विमान, हॉटेल, जेवण व फी मिळून नऊ हजारांवर डॉलर खर्च झाले. त्यासाठी घर घेण्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावावा लागला. वर्षअखेर एकाही कॉलेजचे साधे उत्तर नव्हते. मुलगी म्हणू लागली, "मामा, माझ्यातच काही कमी असेल."

आम्ही कला शाखेचे पदवीधर. फुटबॉल बघण्यापुरताच ठाऊक. परंतु खतावणी वाचण्याची सवय आहे. गेली दोन वर्षे बहीण, मेहुणे व आम्ही मिळून या विषयाची जी माहिती गोळा केली, तिचे सार येथे देत आहोत. आपल्यापैकी अनेकांची भावंडे, मुले आज तिकडे स्थायिक आहेत. त्यांच्या घरी ही स्मरणिका पोहोचेल, तेव्हा एखाद्या घरचा तरी खर्च व मनस्ताप वाचावा, एवढीच इच्छा.

तिकडची पद्धत

आपल्याकडे खेळाडू स्पर्धेत भाग घेतो आणि प्रमाणपत्र मिळवतो. त्यावर बोर्डाच्या परीक्षेत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, पुढे महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ठेवलेल्या पाच टक्के जागांसाठीही तेच प्रमाणपत्र लागते. थोडक्यात, आपल्याकडे कागद बोलतो. अमेरिकेत या कामी प्रमाणपत्राला व करंडकाला फारशी किंमत नाही. कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक स्वतः किंवा त्याचा सहायक खेळाडूला खेळताना पाहतो आणि निवडतो. म्हणून स्पर्धा जिंकली की नाही यापेक्षा, खेळताना पाहिले कोणी, हा प्रश्न मोठा.

तिकडील कॉलेजांच्या खेळाचा मोठा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. तिचे तीन विभाग आहेत. पहिल्या व दुसऱ्या विभागात खेळाची शिष्यवृत्ती मिळू शकते. तिसऱ्या विभागात ती मुळीच नाही. मात्र घरची आर्थिक स्थिती व अभ्यासातील गुण पाहून मदत मिळते. हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठांची आयव्ही लीग पहिल्या विभागात असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाही. एनएआयए ही आणखी एक संस्था आहे आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची एनजेसीएए वेगळी.

शिष्यवृत्ती म्हणजे पूर्ण फी माफ, असा आपला समज असतो. फुटबॉलमध्ये तसे क्वचितच घडते. पहिल्या विभागात अनेक वर्षे मुलींच्या संघाला १४ व मुलांच्या संघाला ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि प्रशिक्षक त्या वीस-पंचवीस जणांत तुकडे करून वाटत. २०२५ च्या जून महिन्यात न्यायालयाने एक तडजोड मंजूर केली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांत २०२५-२६ पासून शिष्यवृत्त्यांची ही मर्यादा उठली. त्याऐवजी संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू, असा नियम आला. म्हणजे पैशाची मुभा वाढली, पण जागा मोजक्या झाल्या. शिवाय २०१८ पासून एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावे प्रशिक्षकांना एकत्र पाहायला मिळू लागली. त्यामुळे पुष्कळ प्रशिक्षक शाळेतल्या मुलाऐवजी तयार खेळाडू घेणे पसंत करतात.

मुलींना मुलांपेक्षा थोडी अधिक संधी आहे. १९७२ साली टायटल नाइन हा कायदा झाला आणि शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात समान संधी देणे भाग पडले. आज पहिल्या विभागात मुलींचे संघ मुलांच्या संघांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. तरीही शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी एनसीएएच्या कोणत्याही विभागात पोहोचतात त्या सात-आठ. मुलांपैकी पाच-सहाच.

शोकेस स्पर्धा म्हणजे काय

कॉलेजांचा स्वतःचा हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर असतो. त्या काळात प्रशिक्षक आपल्याच सामन्यांत गुंतलेले असतात. म्हणून त्यांना बोलावणाऱ्या स्पर्धा बहुधा नोव्हेंबरअखेर, हिवाळ्यात, वसंतात व उन्हाळ्याच्या सुरुवातीस भरतात. यांना शोकेस म्हणतात. येथे बहुतेकदा अंतिम सामना नसतो. प्रत्येक संघाला तीन दिवसांत तीन-चार सामने ठरलेले असतात आणि प्रशिक्षक खुर्ची व वही घेऊन या मैदानावरून त्या मैदानावर फिरत असतात.

मोठ्या नावाच्या स्पर्धा पुष्कळ आहेत, पण प्रत्येकीचा हेतू निराळा. टेक्सासमधील डॅलस कप १९८० साली मुलांसाठी सुरू झाला. ईस्टरच्या सुमारास होणाऱ्या या स्पर्धेत परदेशी क्लबांचे युवा संघ येतात. मिनेसोटातील ब्लेन येथे १९८५ पासून होणारा यूएसए कप हा जुलै महिन्यातील मोठा मेळाच. देशोदेशींची मुले येतात, एकाच संकुलात पन्नासच्या वर मैदाने आहेत. आनंद व अनुभव यासाठी उत्तम, पण केवळ कॉलेजच्या नजरेसाठी तेथे जाणे म्हणजे लग्नाच्या मांडवात नोकरीची मुलाखत शोधणे. व्हर्जिनियातील रिचमंड येथील जेफरसन कप मार्च महिन्यात वेगवेगळ्या शनिवार-रविवारी गटवार होतो आणि तेथे कॉलेजचे प्रशिक्षक मोठ्या संख्येने येतात. न्यू जर्सीत पीडीए या क्लबची मुलींची शोकेस मेअखेर मेमोरियल डेच्या सुटीत भरते. पश्चिम किनाऱ्यावर सॅन दिएगोचा सर्फ कप प्रसिद्ध आहे. याखेरीज ईसीएनएल (मुलींसाठी २००९ पासून, मुलांसाठी २०१७ पासून), एमएलएस नेक्स्ट व गर्ल्स अकॅडमी (दोन्ही २०२० पासून) या साखळ्या आपल्या क्लबांसाठी स्वतःच्या शोकेस भरवतात. ज्याचा क्लब त्या साखळीत आहे, त्याला बाहेर फार हिंडावे लागत नाही.

आमच्या खतावणीत काय निघाले

आम्ही बहिणीकडून सातही स्पर्धांचा तपशील मागवला आणि एक तक्ता केला. खर्च, सामने, भाचीने खेळलेली मिनिटे असे रकाने आखले. शेवटचा रकाना असा होता : जेथे तिला शिकायचे आहे, त्या कॉलेजचा प्रशिक्षक मैदानाजवळ असताना ती किती मिनिटे खेळली?

हा शेवटचा रकाना सातही ओळींत कोरा निघाला. कारण कोणत्या कॉलेजात शिकायचे आहे, हेच कोणी ठरवले नव्हते! एका स्पर्धेत तर ती वरच्या संघात पाहुणी खेळाडू म्हणून गेली होती. विमानाने गेली आणि तीन सामन्यांत मिळून १२ मिनिटे खेळली. दुसरीकडे संघाला सर्वांत खालच्या गटात घातले होते. ते सामने मुख्य संकुलापासून दूर एका शाळेच्या मैदानावर झाले. तेथे पालकांशिवाय कोणी फिरकले नाही.

या तक्त्यावरून व नंतरच्या अनुभवावरून पुढील गोष्टी ध्यानात आल्या.

१) आधी कॉलेज, मग स्पर्धा. मुलाला कोणता विषय शिकायचा आहे, घरापासून किती दूर जायचे, फी किती झेपेल आणि त्याचा खेळ कोणत्या विभागाच्या तोडीचा आहे, हे ठरवून वीस-पंचवीस कॉलेजांची यादी करावी. या खेळाबद्दल क्लबच्या प्रशिक्षकाला स्पष्ट विचारावे व उत्तर कडू असले तरी ऐकावे. मग त्या कॉलेजांचे प्रशिक्षक कोणत्या स्पर्धांना जातात ते पाहावे. आयोजक प्रशिक्षकांची यादी छापतात; ती गेल्या वर्षीची आहे की यंदाची, हे विचारून घ्यावे. तीनशे कॉलेजांच्या यादीत आपली दोन असतील आणि चाळीसच्या यादीत आपली दहा, तर चाळीसवाली स्पर्धा मोठी समजावी.

२) वय व तारीख. २०१९ च्या नियमानुसार पहिल्या विभागाचा फुटबॉल प्रशिक्षक खेळाडूशी प्रवेशाविषयी बोलणे दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासूनच सुरू करू शकतो. कॉलेजच्या खर्चाने भेटीचे आमंत्रण त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून देता येते. आमच्या भाचीने नववीत असताना पहिल्या विभागातील ज्या कॉलेजांना लिहिले, त्यांना उत्तर देण्यास नियमानेच मनाई होती. तिच्यात कमी होती म्हणून ते गप्प नव्हते. एवढे एक वाक्य आधी ठाऊक असते, तर त्या घरातील किती रात्री शांत झोपेत गेल्या असत्या! प्रशिक्षक त्याआधीही खेळ पाहू शकतो, नाव टिपून ठेवू शकतो. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शोकेसकरिता विमानाने नेणे हा शुद्ध अपव्यय होय. वर्षातील काही ठरावीक दिवस प्रशिक्षकांनी खेळाडूंना पाहण्यासही बंदी असते. एनसीएए हे वेळापत्रक प्रसिद्ध करते, ते स्पर्धेच्या तारखेशी ताडून पाहावे.

वयोगटाचेही ध्यान ठेवावे. अनेक वर्षे तिकडे जन्माच्या सालाप्रमाणे गट पडत. त्यामुळे एकाच संघात दोन इयत्तांची मुले येत. २०२६-२७ च्या हंगामापासून प्रमुख युवा संघटनांनी १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे शालेय वर्षाला धरून गट करण्याचे ठरवले. प्रशिक्षक इयत्तेप्रमाणे खेळाडू शोधतो, म्हणून आपला मुलगा कोणत्या गटात पडतो हे फी भरण्यापूर्वी तपासावे.

३) गट कोणता, मैदान कोणते. एकाच स्पर्धेत वरचे व खालचे गट असतात. प्रशिक्षकांची गर्दी वरच्या गटांच्या मैदानांवर होते. पण झेपत नसताना वरचा गट घेणेही चुकीचे. सहा-शून्य अशा हारीत गोलरक्षक व बचावपटू तरी दिसतात. आघाडीच्या खेळाडूच्या पायाला चेंडूच लागत नाही. अटीतटीच्या सामन्यात खेळ खुलतो.

४) खेळायला मिळणारी मिनिटे. नामांकित संघाच्या बाकावर बसण्यापेक्षा मध्यम संघात पूर्ण वेळ, आपल्या जागेवर खेळणे कधीही श्रेयस्कर. पाहुणा खेळाडू म्हणून जाण्यापूर्वी किती वेळ मिळेल, हे नम्रपणे पण आधीच विचारावे.

५) आधी पत्र, नंतर सामना. सर्वांत महत्त्वाची बाब हीच होय. आपल्याला वाटते, प्रशिक्षक फिरता फिरता हिरा शोधेल. प्रत्यक्षात तो ठरवलेल्या नावांची यादी हाती घेऊन येतो. त्या यादीत नाव जावे म्हणून आठ-दहा दिवस आधी मुलाने स्वतः, पालकांनी नव्हे, छोटे पत्र ईमेलने पाठवावे. नाव, शाळा संपण्याचे वर्ष, संघ, खेळण्याची जागा, जर्सीचा क्रमांक, सामन्याची वेळ, मैदान क्रमांक, शाळेतील गुण आणि दोन-तीन मिनिटांची खेळाची फीत. याच कॉलेजात का यायचे आहे, याचे एक खरे वाक्य. स्पर्धेनंतर आभाराचे पत्रही पाठवावे.

६) खर्च. मोठ्या स्पर्धांत पुष्कळदा आयोजकांमार्फतच हॉटेल घेण्याची सक्ती असते व ते स्वस्त पडेलच असे नाही. क्लबला वर्षाच्या प्रारंभीच लेखी अंदाज मागावा. मोटारीने जाता येईल अशा स्पर्धांना प्रथम पसंती द्यावी. यादीतील एखादे कॉलेज फारच मनात असेल, तर तेथील प्रशिक्षक स्वतः घेतो त्या निवड शिबिराला जाणे एखाद्या दूरच्या स्पर्धेपेक्षा फायद्याचे ठरते. मात्र शिबिराचे आमंत्रण म्हणजे निवड नव्हे. असली आमंत्रणे शेकडोंना जातात.

७) अभ्यास. पहिल्या विभागात खेळण्यास मुख्य विषयांचे १६ अभ्यासक्रम व ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते, दुसऱ्यात २.२. एसएटी वा एसीटी परीक्षेची एनसीएएची अट जानेवारी २०२३ मध्ये रद्द झाली. कॉलेजची स्वतःची अट असू शकते. तिसऱ्या विभागात तर पैसा बहुतांशी गुणांवर व गरजेवरच मिळतो. गुडघा एका दिवसात दुखावतो, गुण मात्र दुखावत नाहीत.

इकडच्या पालकांसाठी

महाराष्ट्रातून तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना या शोकेस स्पर्धांचा फारसा उपयोग नाही. आठवड्याभराच्या स्पर्धेसाठी कर्ज काढून जाऊ नये. खेळाची चांगली फीत, शाळेचे उत्तम गुण, एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंद आणि स्वतः लिहिलेली पत्रे, हा मार्ग स्वस्त व सरळ आहे. 'शिष्यवृत्ती हमखास' असे सांगून आगाऊ रक्कम मागणारा कोणी भेटला, तर त्याला दुरून नमस्कार करावा. निर्णय फक्त कॉलेज देते.

शेवटी

दुसऱ्या वर्षी बहिणीने सातांऐवजी तीनच स्पर्धा निवडल्या. पीडीएची शोकेस घराजवळ, जेफरसन कप मोटारीने पाच-सहा तासांवर आणि तिसरी शेजारच्या राज्यातील एक लहान स्पर्धा. खर्च तीन हजार डॉलरच्या आत राहिला. भाचीने २४ कॉलेजांना पत्रे लिहिली. नऊ ठिकाणांहून उत्तरे आली, चार प्रशिक्षक तिचे सामने पाहायला उभे राहिले. त्या लहान स्पर्धेत पाहिलेल्या एकाने तिला बोलावले. कॉलेज तिसऱ्या विभागातील आहे. खेळाची शिष्यवृत्ती अर्थातच नाही. पण गुणांवर फीमध्ये चांगली सवलत मिळाली आहे, तिला हवा तो जीवशास्त्राचा विषय आहे आणि संघात जागा आहे.

बातमी कळवायला तिनेच फोन केला. "मामा, तुझ्या तक्त्यातला शेवटचा रकाना भरला," एवढेच म्हणाली. आम्ही बँकेत इतकी वर्षे रकाने भरतो आहोत. एखादा रकाना भरल्याचा एवढा आनंद आम्हांस पूर्वी झाला नव्हता.

पालकांनी मुलांसाठी खर्च जरूर करावा. परंतु पैसा टाकण्यापूर्वी आपल्या मुलाला नेमके कोणी पाहावे असे वाटते, हे त्याच्याबरोबर बसून ठरवावे. ते ठरले, म्हणजे स्पर्धा आपोआप ठरतात.