बंगलोरचं मोहोळ

आधीच कबुली देते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मराठी म्हणजे सेकंड लँग्वेज, आणि वर्गात मराठी बोललं की सिस्टर दंड करायच्या. त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादकांना पकडा, मला नाही! त्यांनीच मला मेसच्या रांगेत गाठून 'बंगलोरवर काहीतरी लिही' म्हणून सांगितलं.

हा विषय माझ्यासाठी नुसता लेखाचा नाही. मी आणि माझी रूममेट, आम्ही दोघींनी थर्ड इयरला एक मिनी प्रोजेक्ट केला. द्राक्षाच्या पानावर ओलावा किती तास टिकला ते मोजायचं, त्याला तापमानाची जोड द्यायची आणि डाऊनी येण्याचा धोका शेतकऱ्याला आधी कळवायचा. वायवाला एक्स्टर्नल सर म्हणाले, "छान आहे, याची कंपनी काढा." तेव्हापासून भेटेल तो एकच सल्ला देतो, कंपनी काढायची तर बंगलोर. का बंगलोर, ते मात्र कोणी सांगत नाही. या सुट्टीत तिथे दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली आणि म्हटलं, बघूच.

पहिला प्रश्न असा, की एवढ्या कंपन्या एकाच गावात का? हवा चांगली म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. हवा महाबळेश्वरचीही चांगली आहे! खरं कारण जुनं आहे. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून आणि म्हैसूरच्या राजघराण्याने दिलेल्या जागेवर १९०९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उभी राहिली. १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने तिथे विमानाचा कारखाना काढला. होय, तेच सोलापूरचे वालचंद, ज्यांच्या नावाची इंजिनिअरिंग कॉलेजं आपल्याकडे सांगली-सोलापुरात आहेत. तो कारखाना म्हणजे आजचं एच.ए.एल. पुढे टेलिफोन बनवणारी आय.टी.आय. (१९४८), मशीन टूल्सची एच.एम.टी. (१९५३), सैन्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स बनवणारी भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) आणि १९७२ मध्ये इस्रोचं मुख्यालय. १९८१ चा तो फोटो आठवतोय ना, बैलगाडीवर ठेवलेला 'ॲपल' उपग्रह? अँटेनाच्या चाचणीला आजूबाजूला धातू नको होता, म्हणून लाकडी बैलगाडी. त्याला मी तरी गरिबी म्हणणार नाही, ते चोख इंजिनिअरिंग होतं.

म्हणजे 'स्टार्टअप' हा शब्द यायच्या कितीतरी आधी या गावात फिटर, टूलमेकर, सर्किट डिझाइन करणारे, गणित येणारे असे हजारो लोक जमले होते, आणि तेही सरकारी पगारावर. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने इथे डिझाइन सेंटर काढलं आणि अमेरिकेशी स्वतःची सॅटेलाइट लिंक जोडली. आपल्याकडे घरच्या फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे तो हा काळ. आणि जिथे एक कंपनी माणसं शोधायला येते तिथेच दुसरी येते. इन्फोसिस तर १९८१ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली होती! बंगलोरच्या मायको कंपनीचं काम मिळालं आणि १९८३ मध्ये ती तिकडे गेली. कुठल्या धोरणाने नाही, गिऱ्हाईक तिकडे होतं म्हणून. पुणेकरांना हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात.

पण माणसं जमली म्हणजे मोहोळ झालं असं नाही. ती हलली पाहिजेत. आपल्या सिलॅबसमध्ये ज्यांचं नाव येतं त्या ट्रान्झिस्टरवाल्या शॉकली साहेबांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रयोगशाळा काढली. साहेबांचा स्वभाव असा की १९५७ मध्ये आठ जण एकदम सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड काढली. त्यातल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली, आणि १९६९ मध्ये फेअरचाइल्डच्याच आणखी काही लोकांनी ए.एम.डी. सिलिकॉन व्हॅली ही अशी भांडणातून वाढली. त्याच काळात बॉस्टनजवळच्या रूट १२८ रस्त्यावर कॉम्प्युटर कंपन्यांची तेवढीच मोठी रांग होती, पण तिथे प्रत्येक कंपनी स्वतःचा किल्ला करून राहिली आणि पुढे मागे पडली. ॲनाली सॅक्सेनियन या बाईंनी १९९४ च्या त्यांच्या पुस्तकात या दोन जागांची तुलना केली आहे.

त्यात कायद्याचाही भाग आहे, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात आवडला. 'आमची नोकरी सोडल्यावर दुसऱ्या स्पर्धक कंपनीत जाणार नाही' असा करार कॅलिफोर्नियात चालत नाही. ही तरतूद १८७२ च्या तिथल्या दिवाणी कायद्यातली. आणि आपला इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट? तोही १८७२ चाच! त्याचं कलम २७ साधारण तेच सांगतं. (नोकरीत असतानाची बंधनं आणि कंपनीची गुपितं हा भाग वेगळा. प्लेसमेंटच्या ऑफर लेटरवर सह्या करताना एवढं लक्षात ठेवा.) पण हे कलम मिरजेतही लागू आहे आणि मिरजेत काही इंटेल निघाली नाही. म्हणजे कायदा सुटू देतो, पण सुटून जायला शेजारी दुसरं दार पाहिजे. बंगलोरमध्ये खोली न बदलता, मुलांची शाळा न बदलता नोकरी बदलता येते. कंपनी बुडाली तरी पुढच्या महिन्यात दुसरीकडे लागू, हा धीर असतो, आणि म्हणून माणूस बुडणाऱ्या कंपनीतही जायला तयार होतो. फ्लिपकार्ट काढणारे दोघे बन्सल ॲमेझॉनच्या बंगलोर ऑफिसमधून बाहेर पडले होते (२००७). मग फ्लिपकार्टमधून बाहेर पडलेल्यांनी फोनपे, उडान, ग्रो अशा कंपन्या काढल्या. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा ७७ टक्के वाटा १६ अब्ज डॉलर्सना घेतला, त्यातून कित्येकांच्या हातात पैसा आला, आणि त्यातला काही पुन्हा नव्या कंपन्यांत गेला.

आता माझा स्वतःचा अनुभव. आमच्या कंपनीचं (नाव सांगत नाही) ऑफिस एच.एस.आर. लेआउटमध्ये, एका बंगल्याच्या दुसऱ्या मजल्यावर. ॲपमध्ये एक भूत शिरलं होतं, काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जायचे. चार इंजिनिअर तीन दिवस डोकं धरून बसलेले. चौथ्या दिवशी रात्री नऊच्या सुमाराला आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्याउभ्या फिल्टर कॉफी पीत होतो. (दर्शिनी म्हणजे तिथलं उभं राहून खायचं हॉटेल, इडली आमच्या मेसपेक्षा शंभरपट बरी.) शेजारच्या टेबलावर दुसऱ्याच कंपनीतला एक जण आमचं रडगाणं ऐकत होता. तो म्हणाला, "बँकेचं उत्तर उशिरा आलं की तुम्ही परत मागणी पाठवता ना? तेव्हा नवा ऑर्डर नंबर देता का?" देत होतो. "मग बँकेला ती दुसरी खरेदी वाटते. पहिलाच नंबर परत पाठवा." खलास! पुस्तकात हे असेल, नाही असं नाही. पण आपल्याला काय माहीत नाही तेच माहीत नसेल, तर पुस्तकाचं कुठलं पान उघडणार? आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये लिहून ठेवलं आहे की एका धंद्याची माणसं एकत्र राहिली की त्या धंद्याच्या खुब्या हवेत पसरतात. त्या रात्री मला वाटलं, या हवेसाठी तरी बंगलोरला यायलाच पाहिजे.

पण दुसरा प्रश्न राहिलाच. एवढ्या कंपन्यांतून नवं काय निघतं?

खरं सांगू का, आमच्या कंपनीत माझं दोन महिन्यांचं मुख्य काम एका अमेरिकन ॲपचे स्क्रीन एकेक करून बघायचे आणि तसेच आपल्याकडे बनवायचे, हे होतं. बटणाचा रंगसुद्धा तोच. होस्टेलमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. एका विंगेत राहण्याचा फायदा काय? जर्नल पटकन मिळतं. तोटा काय? एकीने रीडिंग चुकीचं घेतलं की अठरा जर्नलमध्ये तेच चुकीचं रीडिंग जातं. हवेतून खुब्या पसरतात तशा नकलाही पसरतात. २०१५ च्या आसपास जेवण घरपोच देणाऱ्या कंपन्या अशाच एकदम उगवल्या. बंगलोरचीच स्विगी टिकली, पण कितीतरी लवकरच मिटल्या. पैसे लावणारेही त्याच गल्लीत राहतात, तेच वाचतात, म्हणून सगळ्यांचा पैसा एकाच वेळी एकाच दिशेला धावतो.

फ्लिपकार्टलाही 'ॲमेझॉनची नक्कल' म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. आपल्याकडे कार्डावर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी २०१० मध्ये वस्तू हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय सुरू केली आणि लोक विकत घ्यायला लागले. आजोबा म्हणाले, "यात नवीन काय? आम्ही व्ही.पी.ने पुस्तकं मागवायचो, पैसे पोस्टमनला द्यायचो." बरोबर आहे! पण जुनी युक्ती नव्या जागी, लाखो पार्सलांवर चालवणं हेही सोपं नव्हतं. त्याला मी शोध म्हणणार नाही, पण नवं म्हणेन.

याच्या उलट उदाहरण सिम्प्युटरचं. आय.आय.एस्सी.च्या प्राध्यापकांनी बंगलोरच्याच एका कंपनीतल्या इंजिनिअर्सबरोबर २००१ च्या सुमारास हातात मावणारा, लिनक्सवर चालणारा, निरक्षर माणसालाही वापरता यावा असा स्वस्त कॉम्प्युटर तयार केला. २००४ मध्ये बाजारात आलेल्या 'अमिडा' मॉडेलमध्ये यंत्र नुसतं तिरकं करून पान उलटता यायचं. आयफोन आला २००७ मध्ये! अस्सल नवी गोष्ट, बंगलोरमध्येच जन्मलेली, पण खपली नाही. तेव्हा तिथे पैसा होता तो परदेशाची सॉफ्टवेअरची कामं करण्यात. अशा यंत्रामागे वर्षानुवर्षं उभं राहणारे गुंतवणूकदार नव्हते आणि गावोगावची गिऱ्हाइकं हाताशी नव्हती. म्हणजे मोहोळ कधी नकलेला बळ देतं, कधी अस्सल गोष्टीला उपाशी ठेवतं.

मग नवं नक्की कुठे निघतं? मला जे दिसलं ते असं: जिथे सॉफ्टवेअरची गल्ली एखाद्या जुन्या अवघड विद्येला जाऊन भिडते तिथे. पिक्सेल ही कंपनी २०१९ मध्ये निघाली. तिचे उपग्रह जमिनीवरून येणाऱ्या प्रकाशाचे शेकडो बारीक पट्टे वेगळे करून टिपतात, पहिले तीन 'फायरफ्लाय' २०२५ च्या जानेवारीत वर गेले. ती इस्रोच्या गावात असणं हा योगायोग वाटत नाही. एथर ही कंपनी २०१३ मध्ये आय.आय.टी. मद्रासच्या दोन मुलांनी काढली आणि मग ती बंगलोरला आली. स्कूटर, बॅटरीचा पॅक आणि आतलं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतः डिझाइन केलं, विक्री २०१८ मध्ये सुरू झाली. मधली पाच वर्षं बघा! ॲप पाच आठवड्यांत बनतं, स्कूटर नाही बनत. आणि यू.पी.आय., ज्यावर फोनपे उभी आहे, ती मुळात एन.पी.सी.आय.ने, म्हणजे मुंबईच्या संस्थेने, २०१६ मध्ये सुरू केली. बंगलोरच्या मंडळींचा हात त्यालाही लागला, पण रेल्वेचा रूळ एकाने घातला आणि गाड्या दुसऱ्यांनी पळवल्या असा तो प्रकार.

हे सगळं मी रूममेटच्या काकांना सांगत होते. त्यांची तासगाव तालुक्यात दोन एकर बाग आहे, आमचा पहिला सेन्सर तिथेच टांगलाय. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "पोरींनो, तिकडं बंगलोरात बसून तुम्हांस्नी माझ्या बागंतली डाऊनी दिसणार हाय व्हय?" आमची अवघड विद्या बागेत आहे आणि दर्शिनी बंगलोरमध्ये, ही आमची पंचाईत! दोघींनी तूर्त असं ठरवलंय की पहिले दोन हंगाम इथेच काढायचे. बोर्ड आणि सर्व्हरचं काम अडलं की तिकडे जाऊन पंधरा दिवस राहायचं. रूममेटच्या मते हा धड निर्णय नाही. असेल.

आता थोडं स्टाफसाठी, रागावू नका. आपल्या कॉलेजात मागच्या वर्षी इन्क्युबेशन सेंटर झालं. काचेच्या केबिन, ए.सी., भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'इनोव्हेशन'. ते साडेपाचला बंद होतं, कारण किल्ली ऑफिसात असते. लेडीज होस्टेलचं गेट साडेआठला लागतं. मला ती ऑर्डर नंबरची युक्ती कळली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. केबिन नसल्या तरी चालेल, पण मेकॅनिकलची, ई अँड टी.सी.ची आणि कॉम्प्युटरची पोरं-पोरी रात्री एका टेबलाभोवती उभी राहतील अशी जागा, आणि जमलं तर बरी कॉफी, एवढं झालं तरी पुष्कळ. तसा अर्ज मी रेक्टर मॅडम आणि एच.ओ.डी. सरांना दिला आहे. फळछाटणी ऑक्टोबरात आहे, त्याआधी आणखी चार सेन्सर बागेत लागायचे आहेत.