लेहला निघताना बॅगेत काय हवे?

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने थेट तिथे उतरले, की विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला वेळ लागतो. म्हणून बॅग भरताना हौसेआधी तब्येतीचा विचार करा.

● कपडे : एकच जाडजूड जॅकेट नेण्यापेक्षा थर करा. आत थर्मल, त्यावर स्वेटर आणि वर वारा अडवणारे जॅकेट. जुलैत लेहच्या दुपारी टी-शर्ट पुरतो; पण खारदुंग ला ही खिंड ५,००० मीटरहून उंच आहे, तिथे तिन्ही थर लागतात. कानटोपी आणि हातमोजे गाडीत हाताशी ठेवा.

● ऊन : दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. गॉगल, सनस्क्रीन आणि लिप बाम हवेतच.

● औषधे : रोजच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. उंचीच्या त्रासावरची अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या; सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास त्यांना आधी सांगा.

● फोन : महाराष्ट्रातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका. ती केबिन बॅगेतच न्यावी लागते.

● कागदपत्रे : मूळ ओळखपत्र आणि थोडी रोकड जवळ असू द्या.

बॅग कितीही नीट भरली, तरी पहिले दोन दिवस लेहमध्येच विश्रांती घ्या. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर सहल थांबवून लगेच दवाखाना गाठा.