भाषण ऐकताना मनाचं काय होतं?

प्रचारसभेत ‘बाहेरच्यांनी आपली कामं पळवली’ असं ऐकलं, की आपल्याला राग येतो. पोराला काम नाही, ही काळजी खरीच. भाषण त्या काळजीला एक दोषी दाखवून देतं. तेच दहादा कानावर पडलं, की कालचा शेजारी वैरी वाटू लागतो.

फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत परप्रांतीयांविरुद्ध मनसेचं आंदोलन पेटलं. भीतीनं नाशिकच्या कारखान्यांतले हजारो उत्तर भारतीय मजूर गावी निघून गेले. तिथं बसवरच्या दगडफेकीत जीव गेला, तो मात्र एका मराठी कामगाराचा.

जालन्याच्या स्टील कारखान्यांतही बिहार, उत्तर प्रदेशचे मजूर भट्टीपुढे राबतात. आणि आपण? ऊसतोडीला कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातो. तिथं आपणच बाहेरच्या!

म्हणून सभेनंतर बचत गटात दोन प्रश्न विचारूया. सांगितलं त्याला पुरावा दिला का? पोरांच्या कामासाठी काय करणार, ते सांगितलं का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो राग आपला नाही, उसना आहे. तो घरी आणायचा नाही.